निंबर्ग्याचे सहा निळे ग्लास

मी घरोघरच्या शोभेच्या काचवस्तूंची जलरंगात चित्रं काढते. अत्तराच्या कुप्या, फुलदाण्या, नक्षीचे सरबताचे ग्लास. सोलापुरात एका लग्नात कर्नाटकातल्या निंबर्ग्याच्या शांताक्कांनी ती मोबाइलवर पाहिली. म्हणाल्या, "माझ्या सवितानं घेतलेले सहा ग्लास हायेत. फुटायच्या आत काढून ठेवा." सविता त्यांची लेक, नर्स होती. पहिल्या पगारात तिनं ते गाणगापूरहून आणले आणि दोन वर्षांत काविळीनं गेली. मी "दिवाळीला येते" म्हणाले. दोनदा पुढं ढकललं आणि थेट माघात निघाले.

जायचं असेल तर सोलापूरहून अक्कलकोटमार्गे आळंदची सकाळची बस घ्या. पुढं निंबर्ग्याला टमटम आहे, पण भरल्याशिवाय सुटत नाही.

अक्कांनी कडक भाकरी, शेंगाचटणी वाढली. जेवून मी रंग काढले, ग्लास विचारले.

"घराला रंग द्यायला कपाट हलवलं, अन् सगळे फुटले. आठ दिस झाले."

"तुकडे?"

"सुनेनं नाल्यात टाकले. लेकरांच्या पायात जातील म्हून." मग हळूच म्हणाल्या, "तुमी दिवाळीला येते म्हणलाव की."

मला मान वर करवेना.

"मी सांगते, तुमी काढा," त्या म्हणाल्या. निळा, पण शाईसारखा न्हाई. काठाला सोनेरी रेघ. पांढरी फुलं चार. न्हाई, पाच. मग त्या घाबरल्याच. "मला याद कामून येईना?"

दोन चित्रं जमली नाहीत. तिसरा कागद त्यांनी बराच वेळ पाहिला आणि सरकवून दिला. "हे दुसऱ्या कुणाचे हायेत." त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. सुनेनं माझ्या रंगाच्या पाण्याची वाटी उचलली.

मुक्काम गाणगापूरला केला. गुरुवार, पौर्णिमा टाळली तर लॉजमध्ये साधी, स्वच्छ खोली सहज मिळते. दुसऱ्या दिवशी तसेच ग्लास शोधत सगळी दुकानं पालथी घातली. "ताई, काच आता कोण घेतंय?" म्हणत दुकानदारानं प्लॅस्टिकचे ग्लास पुढं केले.

घरी माझ्या वह्यांत कितीतरी ग्लास आहेत, ज्यांच्या मालकिणींची नावंही मला आठवत नाहीत. जो एक खरंच कुणाला हवा होता, तो नाही. महिन्याभरानं मी अक्कांना फोन केला. म्हटलं, परत येते, पुन्हा बसू.



"आता कामून यायलाव, बाई?"

त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.