वाऱ्याच्या दिवशी पाहिलेलं घर

अबुधाबीतल्या एका मोठ्या हॉटेलात मरिसा तुस्कानो एकवीस वर्षं हाउसकीपिंगमध्ये आहे. पहिली आठ वर्षं चादरी ताणण्यात गेली, पुढची सगळी इतरांनी ताणलेल्या चादरी तपासण्यात. खोली तपासायची तिची एक ठरलेली रीत आहे. दारातून आत शिरायचं, उजव्या हाताने भिंत धरून पूर्ण फेरी मारायची आणि डोळ्यांवर अजिबात विसंबायचं नाही. ओला टिश्यू बोटाला गुंडाळून प्रत्येक कडेवरून, बिजागरीवरून, सरकत्या दाराच्या खाचेतून फिरवायचा. हाताखालच्या मुली तिला मागून ‘एक्स-रे’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

अशा बाईने स्वतःचं घर घ्यायचं मनावर घेतल्यावर दलालाची धडगत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

मनावर घेण्याचं कारणही तसंच होतं. एकवीस वर्षांत सात घरं झाली. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न निघालं, कुठे इमारत पाडायला काढली. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या व्हिलाचा वरचा मजला तिला फार आवडला होता. तो मालकाने विकूनच टाकला. त्या सातव्या नोटिशीच्या दिवशी मरिसा आवारातल्या खोक्यावर बसून ढसाढसा रडली आणि नवऱ्याला म्हणाली, “ॲल्फ्रेड, खलास. आता अशा घरात जायचं, जिथून मला कोणी उठवणार नाही.” तसं घर आयुष्यात एकदाच घेता येणार होतं. निवड चुकली असती, तर ती सुधारण्याइतकी नोकरीची वर्षं दोघांकडेही उरली नव्हती.

शहराला लागून असलेल्या एका बेटावर परदेशी लोकांना घर घेता येतं. बेट लांबट, अरुंद. समोरच्या अंगाला उघडा समुद्र, काचेचे उंच मनोरे आणि कॅफे. मागच्या अंगाला खाडी, खारफुटी आणि चारमजली जुन्या इमारती. फरदीन नावाच्या दलालाने त्यांना समोरचा अकरावा मजला दाखवला आणि ॲल्फ्रेड तिथेच विरघळला.

त्याला दोष तरी कसा द्यावा? ॲल्फ्रेड वसईच्या भुईगावचा. त्याच्या लहानपणी किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या पुढे, मुंबईच्या शेटजींचे बंगले होते. गच्चीवर लोखंडी झोपाळे, झोपाळ्यावर शनिवार-रविवारचे पाहुणे. ॲल्फ्रेड बनातून सरपण नेताना त्यांच्याकडे बघत मोठा झाला. मुसाफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात उभा जन्म कंटेनर मोजल्यावर समुद्रासमोर बसावं असं माणसाला वाटणारच. फक्त त्याने थोडी घाई केली. बाल्कनीतून व्हिडिओ काढून वसईच्या फॅमिली ग्रुपवर टाकला आणि फादरांना फोन करून घराच्या आशीर्वादाची तारीखही मागून घेतली. घराचा पत्ता नाही, पण आशीर्वाद बुक!

“पीछे की साइड भी दिखाओ,” मरिसा म्हणाली.

“पीछे क्या रखा है, मॅडम? पेड़ और कीचड़,” फरदीन हसला.

“ठीक है. फिर जिस दिन शमाल चलेगी, उस दिन ये वाला दुबारा दिखाना.”

शमाल म्हणजे वायव्येकडून येणारा इथला वारा. एकदा सुटला की दोन-तीन दिवस हटत नाही. ॲल्फ्रेड गाडीत बसल्या बसल्या भडकला. “मरिसा, संडेला दुसरी पार्टी येतेय! बुकिंग हातचं जाईल.”

“जाऊ दे.”

“सतरा लाख दिरहमला, म्हणजे चार कोटीला, असा व्ह्यू परत मिळणार नाही. ग्रुपवर काय तोंड दाखवू?”

“ग्रुपवर तोंड कशाला दाखवतोस? व्हिडिओ टाकलायस तेवढा पुरे.”

त्यांचा मुलगा कार्ल मागच्या सीटवरून म्हणाला, “मम्मा, इट्स जस्ट विंड.”

रविवार आला आणि गेला. दुसरी पार्टी काही आली नाही. पण ॲल्फ्रेड आठवडाभर फुगून बसला. मरिसाने तोंडावर काही दाखवलं नाही. नवऱ्याने उभ्या आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट आपण हट्टापायी घालवतोय का, असं तिला एकसारखं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी खिडक्या वाजायला लागल्या. तिने फरदीनला फोन लावला.

“मॅडम, आज तो बहुत हवा है!”

“इसीलिए. यल्ला, निकलो.”

अकराव्या मजल्यावर बाल्कनीचं दार उघडेना. फरदीनने खांदा लावला तेव्हा ते करकरत हातभर सरकलं. ॲल्फ्रेड हौसेने बाहेर गेला आणि दोन मिनिटांत लाल डोळ्यांनी आत आला. मरिसाची फेरी चालूच होती. दाराची खाच, बिजागऱ्या, खिडकीची कड. टिश्यू तपकिरी होऊन आला. इमारत जेमतेम तीन वर्षांची होती, आणि बिजागरीवर खाऱ्या वाऱ्याने धरलेला गंज लपवायला पांढरा रंग फासलेला होता. तिने ॲल्फ्रेडला खिडकीशी बोलावलं. “बघ, एवढ्या बाल्कन्या आहेत. एकीत तरी कुंडी दिसतेय?” एकीतही नव्हती. खालच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग ती नवऱ्याला आणि फरदीनला घेऊन मागच्या बाजूला गेली, चालत, दहा मिनिटं. बेट तेच, वारा तोच; पण इथे तो मनोऱ्यांना अडून खारफुटीच्या शेंड्यांवरून निघून जात होता. पोरं सायकली फिरवत होती. किराणा दुकानाबाहेर दोन बायका पिशव्या खाली ठेवून गप्पा मारत उभ्या होत्या. बाल्कन्यांत टोमॅटो, कढीपत्ता, जास्वंद. फरदीनने निमूटपणे दुसऱ्या मजल्यावरचं रिकामं घर उघडलं. घर अकरा वर्षांचं. मरिसाने टिश्यू काढला, पण स्वतः न वापरता नवऱ्याच्या हातात दिला.

ॲल्फ्रेडने बिजागरी पुसली. खाच पुसली. टिश्यूला नुसती धूळ लागली होती. त्याने तो उलटून पुन्हा पाहिला.

“भुईगावात आपल्या लोकांची सगळी घरं सुरूच्या मागेच होती ना गं,” तो म्हणाला. “पुढे फक्त बंगलेवाले. त्यांचे झोपाळे दर दोन वर्षांनी गंजून पडायचे. डॅडीच नवे बसवून द्यायचे. किनाऱ्यावर जन्मलो आणि हेच विसरलो बघ.”

“विसरला नाहीस. तुला तो झोपाळा हवा होता,” मरिसा म्हणाली, आणि तिला त्याची फार माया आली. “इथे बांधू. खाडी दिसते की.”

त्याने खिडकीतून पाहिलं. खारफुटीत एक बगळा उभा होता. “किती म्हणतात?” त्याने विचारलं.

“तेरह लाख,” फरदीन म्हणाला.

“म्हणजे तीन कोटी,” ॲल्फ्रेडने लगेच हिशेब केला आणि हसला.

फरदीनने किल्ली फिरवत मान हलवली. “मॅडम, आप मेरी कंपनी जॉइन कर लो.”

कागदपत्रं होईतो आशीर्वादाची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली. फादर आले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. ॲल्फ्रेड प्रत्येकाला हाताला धरून बाल्कनीत नेत होता आणि खाडीच्या बाजूचे फायदे असे समजावत होता, की ती बाजू त्यानेच शोधून काढली असं कोणालाही वाटावं. मरिसाने त्याला खुशाल बोलू दिलं.

“येशूच्या हृदयाची तसबीर कुठे लावायची?” फादरांनी विचारलं.

सात घरांत ती तसबीर फ्रिजवर, कपाटावर, कुठेही टेकवून ठेवलेली असायची. भिंतीला भोक पडलं की मालक डिपॉझिट कापतो, म्हणून एकवीस वर्षांत मरिसाने भिंतीत एकही खिळा ठोकला नव्हता. सवयीने ॲल्फ्रेड चिकटपट्टी घेऊन आला.

“ती पट्टी राहू दे,” मरिसा म्हणाली. “कार्ल, शेजाऱ्यांकडून ड्रिल घेऊन ये.”

ड्रिल आलं. कार्लने हळूच विचारलं, “मम्मा, आर वी अलाउड?”

मरिसाने ड्रिल भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. तिला इतका आनंद झाला, की भोक हवं होतं त्याच्या दुप्पट खोल पडलं.