माझ्या गोधडीतली सुई

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगायला बसले आहे. पण त्या दुपारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेवढं हसताना ध्यानात ठेवा.

मी मुळातच भित्री. त्यात पहिलटकरीण. आमचा बाळू तेव्हा आठ महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. जमिनीवर पडलेली प्रत्येक वस्तू आपल्या तोंडात घालण्यासाठीच आहे, अशी त्याची समजूत. चिंचोका दिसला की मला तो बाळूच्या घशात दिसायचा. मुंगी दिसली की कानात. सातवीपर्यंत शिकले, पण भीती कमी करायचा धडा काही आमच्या पुस्तकात नव्हता.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहत होतो आम्ही. चाळीतल्या आम्ही नऊ जणी दर बुधवारी दुपारी मारुतीच्या देवळाच्या पडवीत गोधड्या शिवायला बसायचो. त्याला आम्ही मंडळ म्हणायचो. मंडळाच्या मुख्य मालनकाकू. आवाज असा, की गिरणीचा भोंगा बंद पडला तरी कामगार वेळेवर गेले असते. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, की एक बुधवार ठरायचा. त्या दिवशी सगळ्यांनी आपापली शिवून झालेली गोधडी आणायची, पडवीत अंथरायची आणि एकमेकींचे टाके बघायचे. आणि नव्या गोधडीवर सगळ्यात आधी लेकरू निजवायचं. मोठं माणूस आधी बसलं तर गोधडी ऊब धरत नाही म्हणे.

आणखी एक रीत होती, ती गंगव्वाची. गंगव्वा माझी शेजारीण, अक्कलकोटकडची. गोधडीला ती कौदी म्हणायची. मला टाका धरायला तिनंच शिकवलं. ती म्हणायची, "शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा ठेव बाई. कौदीचं पोट रिकामं ऱ्हायलं तर पांघरणाराचंबी रिकामं ऱ्हातंय."

पण मालनकाकूंनी मंडळात बजावून ठेवलं होतं, "असलं खूळ हितं चालायचं न्हाय. भाकरी ठिवली की उंदीर लागत्यात. कुणी ठिवली तर ती मंडळात न्हाय."

आता करायचं काय? न ठेवावी तर बाळू जन्मभर उपाशी राहील ही भीती. ठेवावी तर काकूंची भीती. त्या बुधवारी पहाटे उठून मी शेवटचा कोपरा शिवायला घेतला, कडक भाकरीचा बोटाएवढा तुकडा हळूच आत सरकवला आणि वरून तीन-तीनदा टाके घातले. कडक भाकरी कशासाठी? तर ओल नाही, म्हणजे मुंग्या नाहीत. भित्र्या माणसाचा विचार फार लांबवर जातो हो.

दुपारी मी गोधडी घेऊन देवळात गेले, बाळूला काखेत मारून. गोधडीच्या आत माझ्या आईचं जुनं लुगडं, वरून यांच्या सदऱ्यांचे तुकडे, आणि सगळा टाका लाल दोऱ्याचा. मंडळाच्या तीन लांब सुया माझ्याकडं होत्या, त्या काकूंना परत द्यायच्या होत्या. गोधडी अंथरली आणि सुयांची चिंधी उलगडली. दोनच सुया.

पुन्हा बघितलं. चिंधी झटकली. दोनच.

पहाटे शिवताना तिन्ही सुया होत्या, एवढं पक्कं आठवत होतं. मग तिसरी गेली कुठं? गोधडीत. दुसरं कुठं जाणार? थरांच्या आत, लुगड्याच्या घडीत, टोक वर करून.

मी गोधडी गुंडाळणार, तेवढ्यात मागून मालनकाकू आल्या. काखेत त्यांचा नातू. तीन महिन्यांचा, आणि लेकाच्या लग्नानंतर सहा वर्षांनी झालेला.

"हिची लई मऊ दिसती ग," असं म्हणून त्यांनी नातवाला सरळ माझ्या गोधडीच्या मधोमध ठेवलं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "काकू, उचला त्याला. गोधडी ओली हाय."

काकूंनी हात फिरवला. "कोरडी ठाक हाय की."

"कुंकू लावायचं ऱ्हायलंय." मी पुढ्यातल्या पूजेच्या ताटातली कुंकवाची चिमूट घेतली आणि पोराच्या खाली हात घालून चाचपायला लागले. सुई काही लागेना.

"अगं, कुंकू कोपऱ्याला लावत्यात, पोराच्या बुडाखाली न्हाय," सुशीला म्हणाली. ही मंडळातलीच, होटगीची, बोलायला एकदम कडू.

"मग दुसऱ्या गोधडीवर निजवा की त्याला. गंगव्वाच्या निजवा."

काकूंचा चेहरा बदलला. "का ग? माझा नातू काय काट्याचा हाय व्हय?"

"तसं न्हाय काकू."

"तुझ्या पोरालाच पहिला मान पायजे, असं सांग की सरळ."

"न्हाय हो."

"मग माझ्या नातवाची नजर लागती व्हय तुझ्या गोधडीला?"

तेवढ्यात नातवानं टाहो फोडला. डोक्यावर नऊ बायका वाकलेल्या बघून कुणीही फोडला असता. पण मला ते कळायला मी शुद्धीवर कुठं होते? मी ओरडलेच, "काकू, सुई. गोधडीत सुई हाय."



काकूंनी पोराला असं उचललं, जणू विस्तवातून. सुशीला म्हणाली, "सुई रक्तात शिरली की काळजाकडं चालत जाती म्हणं. आमच्या होटगीला एका बाईची..."

"गप ग," गंगव्वा म्हणाली.

पोराचं अंगडं काढलं. पाठ बघितली, आणि माझं उरलंसुरलं अवसान गेलं. कमरेच्या वर लाल ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा. मला काहीच दिसेना, नुसता तो ठिपका दिसायला लागला. मनात आलं, आता काकूंच्या नातवाला काही झालं तर या चाळीत कोणत्या तोंडानं राहू? आणि सकाळी बाळूही याच गोधडीवर लोळला होता. त्याच्या अंगात तर नाही ना गेली? ती सुई आत्ता कुठवर चालत आली असेल?

गंगव्वानं बोट ओलं केलं आणि ठिपका पुसला. पुसला गेला.

"कुंकू हाय," ती म्हणाली. "हिच्याच हाताचं."

दोन्ही पोरांची अंगं बोटाबोटानं तपासली. काही नाही. बाळूला तर गुदगुल्या झाल्या, तो हसत सुटला. मग सगळ्या जणी गोधडी चाचपायला बसल्या. आणि सुशीलाचा हात कोपऱ्यावर थांबला.

"घावली. हितं टोचतंय बघा."

मीही हात लावला. खरंच टोक लागलं. भाकरीचं मला त्या घडीला भानच नव्हतं. मी स्वतःच्या हातानं कात्री घेतली. गंगव्वा माझा हात धरून पुटपुटायला लागली, "बेडा, बेडा." म्हणजे नको, नको. मी ऐकते कुठली? तिहेरी टाके कापले, थर फाकवले आणि बाहेर पडली कडक भाकरी.

काकूंनी ती उचलली. भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मी काय सांगितलं हुतं?"

"काकू, चुकलं."

"आणि सुई?"

सुई नव्हतीच. आता तर जास्तच भीती. पडवीत सगळ्यांच्या गोधड्या काठाला काठ लावून अंथरलेल्या. माझ्याकडची सुई दुसरीच्या गोधडीत गेली नसेल कशावरून? असा विचार कुणी मोठ्यानं बोलून दाखवायचा नसतो. मी दाखवला.

झालं. जिनं तिनं आपली गोधडी दुसरीकडून चाचपून घेतली. आणि काय सांगायचं, एकेका गोधडीच्या कोपऱ्यात टणक लागायला लागलं. कापला की भाकरी. सुशीलाच्या कोपऱ्यात चपातीचा तुकडा निघाला, तर म्हणते, "ही कशी आली ग बाई?" गंगव्वा खांबाकडं तोंड करून बसलेली. तिनं एकेकीला गुपचूप गाठून सांगितलं होतं, हे तेव्हा उघड झालं.

राहिली काकूंची गोधडी. हात लावायची हिंमत कुणाची? पण त्यांच्या नातवाची शपथ घालून सुशीलानं कोपरा दाबलाच. तो सगळ्यात फुगीर निघाला. आत निम्मी पुरणपोळी.

काकू म्हणाल्या, "नातवासाठी हाय. त्यानं काय नुसती भाकरीच खायची?"

कुणी हसलं नाही. हसायची सोयच नव्हती, कारण सुई अजून हरवलेली होती, आणि नऊ गोधड्या कोपरे फाडून उघड्या पडल्या होत्या, त्याही माझ्यापायी.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. पहिली पाळी सुटली. थोड्या वेळानं आमचे हे डबा हलवत देवळापाशी आले. तोंड आंबलेलं.

"काय ग," हे मला म्हणाले, "माझ्या टोपीला काय बांधलंय? सकाळपास्नं सगळं खातं इचारतंय, कुठल्या देवाचा नवस बोललायसा म्हणून. मागच्या मागावरचा कामगार तर पाया पडून गेला."

यांच्या टोपीच्या मागं वीतभर लाल दोरा लोंबत होता. आणि टोपीच्या काठात, बेतानं टोचलेली, तिसरी सुई.

तेव्हा मला आठवलं. पहाटे बाळू रडत उठला. सुई त्याच्या हाताला लागायला नको, म्हणून घरातल्या सगळ्यात उंच जागी मी ती टोचून ठेवली होती. सगळ्यात उंच जागा म्हणजे खुंटी. खुंटीवर यांची टोपी.

काकूंनी सुई काढून घेतली, तिन्ही मोजल्या आणि म्हणाल्या, "बसा आता शिवायला. जिनं तिनं आपापली भाकरी परत आत घाला. आणि हिच्या हातात सुई देऊ नगा. हिला नुसता दोरा तोडून द्यायचं काम."

तेव्हापासून मंडळात कुठलंही नवं लेकरू आलं की आधी माझ्याच गोधडीवर निजवतात. अख्ख्या सोलापुरात नऊ बायकांनी बोटाबोटानं चाचपलेली दुसरी गोधडी नाही, असं काकू म्हणतात.

मी मात्र रोज हे दारात आले की आधी यांची टोपी काढून घेते आणि काठाकाठानं बोट फिरवते. शेजारणी बघतात आणि म्हणतात, बाईची नवऱ्यावर माया किती. मी त्यांना तसंच समजू देते.