हॉलमधला आवाज

काकूंना वाचता येत नाही, हे आधी सांगते. ते माहीत नसेल तर पुढचं सगळं उगाचचा खटाटोप वाटेल. त्या पेणच्या खाडीकडच्या, मिठागरावर वाढलेल्या, शाळेत कधी बसल्याच नाहीत. काका रोह्याच्या कंपनीत मीटर आणि वॉल्व्ह दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावरही खिशात टेस्टर असायचा. काका आता नाहीत. मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते.

माझं गाव हिंगोलीकडे. आठवीनंतर शाळा सुटली, कारण नववीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि मुलीला एकटीला कोण पाठवणार. लग्न झालं, आमच्या ह्यांना इथे ठेकेदाराकडे शिफ्ट लागली, म्हणून या मुलखात आले. पहिल्या दिवशी हंडा घेऊन पाणी मागायला गेले तर काका हॉलमध्ये कॉम्प्युटरसमोर बसलेले. "अगो ये, उभी काय? बस." मला वाटलं रागावले. आमच्याकडे बाईमाणसाला कोणी गो म्हणत नाही. मग कळलं की इकडे तो मायेचा शब्द आहे.

मी कशालाही हात लावायला घाबरते. गॅस बंद केला की परत बघते, दार लावलं की परत ओढून बघते. काका म्हणायचे, "दाबून बघ गो. फुटत नाय ते." असं दाबून दाबून मी टायपिंग शिकले, तक्ते करायला शिकले, आणि त्यांच्याच शब्दाने पेणला एका मूर्तीच्या कारखान्यात ऑर्डरी टाईप करायचं काम लागलं. आजही सकाळच्या गाडीने पेणला जाते ती त्यांच्यामुळे. हे उपकार मी फेडू शकले नाही, आणि त्यांनी तसं कधी मनातही आणू दिलं नाही.

काकांना गळ्याचा कॅन्सर निघाला तेव्हा कोणी म्हणे तंबाखू, कोणी म्हणे कंपनीतली हवा. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल. घरी आल्यावर काका पहिलं बोलले ते असं: "हिच्याशी बोलायचं कसं? पाटीवर लिहून दिलं तर ही पाटी चुलीत घालील."

"घालीन नाय तर काय," काकू म्हणाल्या. "तुमचं अक्षर, माझ्या काय कामाचं?"

मग त्यांनी आवाज भरून ठेवायला घेतला. हॉलमधला पंखा बंद, खिडक्या बंद, माईक टेबलावर. आवाज तेव्हाच घोगरा झाला होता. ते बोलायचे आणि मी एका तक्त्यात तो शब्द टाईप करून त्याला त्या आवाजाची फाईल जोडायची. पाणी. दार लाव. भात नको. पंखा बारीक कर. कोण आलंय? ऐकलंस का गो? आणि हेसुद्धा: चहात साखर शेजारीण घालणार काय?

काकू आतून म्हणाल्या, "आवाज गेला तरी टोमणे राहिलेच पायजेत. आणि मी कुकर लावू का नको? का उपाशी बसून बोलणार?"

त्यांनी 'दुखत नाय' भरलं, 'काय नाय' भरलं. मी विचारलं, "काका, दुखतंय असं पण घ्यायचं ना?"

"ते कशाला? मी काय बोंबलत बसणार हाय?"

मी पुढचा शब्द घेतला.

आता मांडणी सांगते. पलंगाशी ठेवायला एक जुना लॅपटॉप होता. पेणला दिलेल्या त्यांच्या मुलीचा. त्याची डिस्क कधी मान टाकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून काकांनी सगळे आवाज हॉलमधल्या कॉम्प्युटरातच ठेवले आणि तो फोल्डर घरच्या वायफायवरून लॅपटॉपला मोकळा करून दिला. लॅपटॉपवरच्या तक्त्यात शब्दावर बोट ठेवलं की हॉलमधून फाईल यायची आणि पलंगापाशी काका बोलायचे. ऑपरेशनला जाण्याआधी त्यांनी स्वतः करून बघितलं. नीट चालत होतं.

ते मुंबईला होते, मुलगी त्यांच्याजवळ होती, आणि काकू कपडे न्यायला दोन दिवस घरी आल्या होत्या, तेव्हा व्होल्टेज वरखाली होऊन वायफायचा डबा जळला. केबलवाल्याने नवीन बसवला, हॉलमधला कॉम्प्युटर त्याला जोडला. मी मागच्या दारी कपडे पिळत होते. तो म्हणाला, "काकू, हा विचारतोय, हा कॉम्प्युटर बाकीच्यांना दिसू द्यायचा का?"

तेव्हा घरात रोज माणसं यायची. कोलाडहून, खांबहून, काकांच्या आजाराची चौकशी करायला. काकू कंटाळल्या होत्या. म्हणाल्या, "नको रे बाबा. आता कोणाला काय दाखवायचं नाय." त्याने नाही दाबलं, नेट लागलं का बघितलं आणि गेला. मलाही ते उत्तर बरोबरच वाटलं.

काका परत आले ते गळ्यावर फडकं बांधून. फडक्याखाली भोक होतं, त्यातून श्वास चालायचा. डॉक्टर म्हणाले होते, गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र मिळतं, पण जखम भरल्यावर. पलंगावर टेकल्या टेकल्या त्यांनी लॅपटॉप मागितला. काकू दारात पदर सावरून उभ्या राहिल्या, फोटो काढून घ्यायला राहतात तशा. काकांनी बोट ठेवलं. पडद्यावर गोल फिरला आणि मग इंग्रजीत आलं की ती जागा सापडत नाही. त्यांनी दुसरा शब्द दाबला, तिसरा दाबला.

"बोला ना," काकू म्हणाल्या.

मुलीने पेणहून फोनवर एक सोय करून दिली. लिहिलेलं फोन वाचून दाखवतो. काकांनी लिहिलं, पंखा बारीक कर. बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात फोन म्हणाला, पंखा बारीक कर.

काकूंनी इकडे तिकडे बघितलं. "ही कोण बाई? हिच्यासंगे नाय मी संसार केला."

आम्ही हसलो. काकाही हसले, म्हणजे खांदे हलले, आणि मग भोकातून खोकला आला तो थांबेना. त्यानंतर तो फोन उशाखाली गेला तो गेलाच.

पाटी होती. पण ती माझ्यापुरती. पहिल्या दिवशी त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मी काकूंना मोठ्याने वाचून दाखवू लागले, तर त्यांनी पाटी ओढून घेतली, तळव्याने पुसली आणि लिहिलं: मधे तिसरं तोंड नको. मला वाईट वाटलं नाही. माझ्या आणि आमच्या ह्यांच्या मधे कोणी उभं राहून बोललं असतं तर मलाही नको झालं असतं. मग नवराबायको खुणांवर आले. काकूंना खूण कळायची नाही, काका हात आपटायचे, काकू म्हणायच्या, "मारा मला, तेवढंच राहिलंय," आणि स्वयंपाकघरात जायच्या.

मी म्हटलं, केबलवाल्याला बोलावू. काकांनी फडक्यावर हात ठेवून मान हलवली. कोणी आत यायचं नाही. नातेवाईक फाटकावरून परत जायला लागले. मी भाडेकरू असूनही मला आत यायची मुभा होती, त्याचं मला ओझंही वाटायचं. आता जे काही करायचं ते मीच.

सकाळी गाडीच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी हॉल आणि आतली खोली अशा फेऱ्या मारायची. काका पाटीवर लिहायचे, मी जाऊन करायची, येऊन सांगायची. डबा बंद करून चालू केला. कॉम्प्युटरचं नाव तेच आहे का बघितलं. पासवर्ड परत टाकला. फोल्डर परत मोकळा केला. प्रत्येक वेळी बटण दाबताना वाटायचं, सगळे आवाज पुसले जातील आणि ते माझ्या हातून होईल. पेनड्राइव्हवर आवाज उतरवून घेतले, पण तक्त्यातला शब्द अन् शब्द हॉलचाच पत्ता शोधत होता, आणि फाईलींना नुसते आकडे. कुठला आकडा पाणी आणि कुठला भात ते वाजवल्याशिवाय कळेना. निदान पुसले गेले तर एक प्रत आहे, एवढाच मला धीर.

मग त्यांनी हाक मारायला लावली. प्रत्येक कॉम्प्युटरला घरात एक नंबर असतो. काळ्या खिडकीत तो नंबर लिहून हाक मारायची, समोरचा जागा असेल तर उत्तर येतं. हॉलमधून लॅपटॉपला हाक मारली, उत्तर आलं. लॅपटॉपवरून हॉलला मारली, काहीच नाही. मी येऊन सांगितलं. काकांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: जागा आहे. ओ देत नाही.

मी ते वाचलं आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पेणला कारखान्याच्या ऑफिसात एकाला विचारलं. तो चहा पिता पिता म्हणाला, "फायरवॉल बंद करून टाका ताई, झालं." घरी येऊन काकांना सांगितलं. त्यांनी जोरात मान हलवून नाही म्हटलं. लिहिलं: सेफ्टी काढून मशीन चालवणाऱ्याला मी हाकललंय. कारण शोध.

कारण शोधायचं, पण वेळ किती होता कोण जाणे. जखम भरत नव्हती. मुलगी पेणहून येऊन रिपोर्ट घेऊन गेली, आणि स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा म्हणाली, "परत आलंय. बाबांना ठाऊक असेल, तुम्ही बोलू नका." पाटीवरच्या ओळी उतरत्या व्हायला लागल्या होत्या.

एका रविवारी मी हॉलमध्ये बसले होते. फाटकाशी काकूंचे कोलाडचे दीर आले, हातात नारळाची पिशवी. काकू पायरीवरूनच म्हणाल्या, "त्यांना कोणाला दिसायचं नाय भावोजी. राग नका मानू."

दीर म्हणाले, "मी काय परका हाय काय वयनी?"

"परका नाय. पण नका येऊ."

माझा हात माऊसवर तसाच राहिला. दिसू द्यायचं का. नको रे बाबा. मला मागचं दार आठवलं, पिळलेले कपडे आठवले. वायफायचं पान उघडलं. दोन पर्याय होते, एक बाहेरच्या जागेसाठी, एक घरासाठी. केबलवाल्याने नाही दाबलं तेव्हा खूण बाहेरच्यावर गेली होती. त्या दिवसापासून हॉलमधला कॉम्प्युटर स्वतःच्या घरात एसटी स्टँडवर बसल्यासारखा गप्प बसला होता, कोणी हाक मारली तरी मान वर न करता.

मी ते बदललं नाही. आधी आत गेले. "काका, केबलवाल्याने विचारलं होतं, बाकीच्यांना दिसू द्यायचं का. काकूंनी नको सांगितलं. ते बदलू?"

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मग लिहिलं: घरात. बाहेर नाही.

मी जाऊन घराच्या पर्यायावर खूण केली. परत आले तेव्हा काकांचं बोट तक्त्यावर फिरत होतं. पाणी सोडलं, पंखा सोडला. एका ठिकाणी थांबलं.

"ऐकलंस का गो?"

तो घोगरा आवाज खोलीत आला आणि स्वयंपाकघरातून सवयीने, भांडं घासता घासता उत्तर आलं, "ओ. आले."

पण त्या लगेच आल्या नाहीत. नळ वाहत राहिला. काकांनी परत दाबलं नाही. वाट बघितली.

पुढचे काही आठवडे घरात भांडणं झाली, म्हणजे बरं चाललं होतं. काकू मुद्दाम चहा फिका करायच्या. लॅपटॉप शेजारणीचा टोमणा मारायचा. "मेलं, साखर मागायला तेवढा आवाज राहिलाय," असं म्हणत त्या डबा घेऊन यायच्या. चहा नाकातल्या नळीतून जायचा, चव कळायची का कोण जाणे.

मग दुखणं वाढलं. काकू विचारायच्या, "दुखतं काय?" लॅपटॉप म्हणायचा, दुखत नाय. आवाज माईकसमोर बसलेल्या माणसाचा, आणि समोर पलंगाची कड धरलेली बोटं. चेहरा एक सांगायचा, लॅपटॉप दुसरंच. पुढे पुढे ते 'काय नाय' दाबायला लागले. काय नाय. काय नाय. काय नाय.

मला ती रेकॉर्डिंगची दुपार सारखी आठवायची. ऑफिसात आवाज कापायचं शिकून घेतलं आणि 'दुखत नाय'मधलं नाय कापलं. उरलं नुसतं 'दुखत'. पुढे कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखं. काकांनी एकदा ऐकलं आणि मान हलवली. मी ते पुसलं.

शेवटच्या दिवसांतली एक दुपार. काकू पलंगाशेजारी जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. मी दारात आले तशी काकांनी हाताने बोलावलं, लॅपटॉप नाही, पाटी मागितली. खूप वेळ लावून लिहिलं. मी वाचलं आणि त्यांच्याकडे बघितलं. तिसरं तोंड नको म्हणणारा माणूस. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, सांग.

पाटीवर होतं: तिला सांग, दुखतंय.

"काकू," मी म्हटलं, "काका म्हणतायत, लई दुखतंय." लई पाटीवर नव्हतं. ते माझ्या तोंडून आमच्याकडचं आलं.

काकूंनी मान वर केली नाही. वालाचं साल काढून टाकलं. "तीनदा काय नाय म्हटलं की मी गोळी काढून ठेवते, ती काय उगाच? कधीपासून ठाऊक हाय मला." आणखी एक वाल सोलला. "सांग त्यांना, मला ठाऊक हाय म्हणून."

काका हातभर अंतरावर होते. कान शेवटपर्यंत चांगले होते. तरी मी त्यांच्याकडे वळले आणि सांगितलं, "काका, काकूंना ठाऊक आहे."