सर्व्हरवरची प्रत

पॅकिंगच्या टेबलावरून मला वरच्या ऑफिसात बसवलं, तेव्हा शेठनी आठ दिवस दिले होते. जमलं तर खुर्ची माझी, नाही जमलं तर परत खाली, स्टीलचे डबे पुसून खोक्यात भरायला. भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात मी तीन वर्षं तेच करत होते. सातवीत शाळा सुटली, लग्नामुळे नांदेडकडचं गाव सुटलं, आणि आता समोर कॉम्प्युटर. पॅकिंगमधली मैत्रीण म्हणाली, "आता तुला मॅडम म्हणायचं का गं? की आठ दिवस थांबू?"

मेलवर आलेल्या ऑर्डरी बघून खाली चिठ्ठी पाठवायची, एवढंच काम. कॉम्प्युटर जुना होता. शेठच्या पुतण्याने त्यावर लिनक्स टाकलं म्हणून तो निदान चालत तरी होता. पण मेल कशात बघायचे हे न ठरवताच पुतण्या शिकायला बाहेरगावी गेला. "तीन-चार सॉफ्टवेअर हैं. जिसको चलाना है वही चुने," असं म्हणून शेठ एका पार्टीला भेटायला वापीला निघून गेले.

निवड करायची सवयच नव्हती मला. शेजारी बिलं बनवणाऱ्या मॅडम बसायच्या. त्यांनी एकेक उघडून दाखवलं. एकात नुसता काळा पडदा आणि अक्षरं, माऊस चालतच नाही. दुसऱ्यात कॅलेंडर, कामांची यादी, सगळंच. पण उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तिसरं हलकं, बटणं मोजकी आणि मराठीत. मी तिसरं घेतलं.

माहिती भरताना त्याने विचारलं, पत्रांची प्रत सर्व्हरवर ठेवायची का? सर्व्हर म्हणजे लांबचं कपाट, हे मॅडमनी सांगितलं होतं. आमच्या गाळ्यात ऑर्डरची चिठ्ठी एकाच जागी असते. दोन ठिकाणी राहिली की माल दोनदा जातो. त्यावरून मी बोलणीही खाल्ली होती. म्हणून चौकटीतली खूण काढून टाकली. मॅडम तेव्हा जेवायला गेल्या होत्या. सगळे मेल झरझर आत आले. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेठचा वापीहून फोन. "दीदी, मेरे फोन में एक भी मेल नहीं है. पार्टी सामने बैठी है, क्या दिखाऊँ?"

मी मॅडमना फोनचं आणि कालच्या त्या खुणेचं सांगितलं. आठातला हा दुसराच दिवस.

"ताई, आधी पाणी प्या," मॅडम म्हणाल्या. "मेल गेले कुठे? कपाट रिकामं करून सगळं तुम्ही घरी, या कॉम्प्युटरात आणलंय. परत नेऊन ठेवू."

"जमेल का पण?"

"आणलं कुणी? तुम्हीच ना? मग नेणार पण तुम्हीच. मी नुसती बघतेय."

मग ते सावकाश उघडणारं, जड सॉफ्टवेअर उघडलं. त्यात पत्रं लांबच्या कपाटातच राहतात, आपण इथून फक्त वाचायची. शेठना फोनवरही तीच दिसतात. हलक्यातली सगळी पत्रं एका फाईलमध्ये घेतली, ती जड सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि माऊसने ओढून इनबॉक्समध्ये सोडली. पट्टी इतकी सावकाश सरकत होती की मी तिच्याकडे बघणंच सोडलं. मॅडमनी बिलं बाजूला ठेवली होती, ते मी कधी विसरणार नाही.

शेठचा फोन आला. "आ रहे हैं. दो सौ, ढाई सौ... अरे, पुराने भी आ गए. क्या किया था?"

खोटं बोलता आलं असतं. मी चिठ्ठीचं, दोन्ही सॉफ्टवेअरचं सगळं सांगितलं. मग ते हसले, बहुतेक पार्टीलाही सांगत असावेत. "ठीक है. जो धीरे खुलता है, वही रखो. और नीचे बोल दो, पॅकिंग में दूसरी लड़की देखें." "दूसरी लड़की? मतलब कुर्सी मेरी?" मी जवळजवळ ओरडलेच.

मी जिन्यावरून खाली सांगायला गेले, तर मैत्रिणीने माझं टेबल आधीच पुसून ठेवलं होतं. "ऐकू आलं," ती म्हणाली. "फोनवर बोलताना जरा हळू बोलत जा, मॅडम."