बिनफोडणीचा राजमा

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून राजमा निवडत होतो. मधे परात, एका बाजूला बायको, एका बाजूला मी. खडा सापडला की ती माझ्या अंगावर फेकायची. "उद्या समोरच्या बेनच्या दाताखाली खडा आला ना, तर तुमचंच नाव सांगेन." दोघंही मनातून नुसत्या उड्या मारत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीच्या लाइनीतल्या सहा घरांना आम्ही मेक्सिकोचा राजमा खाऊ घालणार होतो. मेक्सिकोचा! आमच्या सामरवरणी गावात!

सगळी भानगड समोरच्या गुजराती बेनची. ती एकदा आमच्या मडक्यात डोकावून म्हणाली, "हे काय, आजाऱ्याचं पाणी? फोडणी नाय, मसालो नाय. कोण खाशे?" बायको भडकली. "रविवारी वाटी घेऊन ये. दुसऱ्यांदा मागितलं नाहीस, तर हे मडकं परत चुलीवर चढवणार नाही." आता असं बोलून बसल्यावर जिंकायलाच पाहिजे.

आम्ही धुळ्याकडचे. ऐंशीनंतर इकडे कारखाने निघाले तेव्हा आलो. सायली गावातल्या कारखान्यात मी हेल्पर होतो. तिथे नवं मशीन बसवायला मेक्सिकोचा एक फिटर आला आणि चार महिने राहिला. त्याच्या हातात पान्हे द्यायला मला ठेवला. माणूस तिखटाला भीत नव्हता, हिरवी मिरची काकडीसारखी खायचा. पण घरच्यासारखा राजमा पाहिजे म्हणून रडकुंडीला आलेला. एका रविवारी नवं मडकं आणि राजम्याची पुडी घेऊन तो आमच्या दारात हजर.

बायको बघतच राहिली. भिजवणं नाही, नुसते दाणे धुतले. पाणी, अर्धा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या. त्यांच्याकडे डुकराची चरबी घालतात, हे त्याने बोटाने नाक वर करून सांगितलं. बायकोने धावत जाऊन तेलाची बाटली पुढे केली. मग बारीक आच, तीन तास. पाणी आटलं तर गरमच ओतायचं.

ती चुलीभोवती घिरट्या घालत होती.

"अहो, फोडणी कधी, विचारा त्याला."

"नाही म्हणतो."

"नाही म्हणजे? विसरला असेल बिचारा."

तो हात धुवायला बाहेर गेला आणि हिने डाव साधला. मोहरी, हिंग, आमचा काळा मसाला. चर्र! तो ओले हात घेऊन पळत आला. मडक्यात बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हसत हसत खालीच बसला. दोन वाट्या खाल्ल्या. मोडक्या हिंदीत म्हणाला, हे तुमचं झालं, पुढच्या रविवारी माझं.

पुढच्या रविवारी ती हात मांडीखाली दाबून बसली. खरंच! मी वाटीत वाढून दिला. दाणा लोण्यासारखा, रस्सा दाट. बरोबर तिची मक्याची भाकर. पहिला घास खाऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला. तो गेल्यावर ती म्हणाली, "अहो, नुसत्या दाण्याला एवढी चव असते? आजवर आपण मसालाच खाल्ला की!"

फिटर त्याच्या देशी गेला, मडकं आमच्याकडे राहिलं. पुढे किती वर्षं त्यात आमचा राजमा शिजला. कुणाला दिला मात्र नाही. लोक हसतील म्हणून. त्या रविवारी पहिल्यांदा देणार होतो.

राजमा निवडून झाला. ती भांडी घासायला मोरीत गेली, तिथेच पडली. रिक्षा येईपर्यंत खेळ आटोपला होता. संध्याकाळी तिला जाळून आलो.

रविवारी सकाळी मी अंगणात तीन विटा मांडल्या. लेक वापीहून आली होती, ती धावत बाहेर आली.

"बाबा, सुतक आहे. चूल पेटवायची नाही."

"चूल आत आहे. मी विटा पेटवतोय."

"सुतकाच्या घरचं कोण खाणार, बाबा?"

"नको खाऊ दे."

तीन तास मी विस्तवापासून हललो नाही. पाणी गरमच ओतलं. मोहरीला हात लावला नाही. लाइनीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. म्हातारा खुळावला, असं कुणीतरी म्हटलंही. म्हणू दे.

मग समोरची बेन आली. डोळे सुजलेले, डोक्यावर पदर, हातात वाटी. कुणाकडे न बघता माझ्यासमोर उकिडवी बसली. मी वाढलं. तिने फुंकर मारून एक घोट घेतला.

"भाई," ती म्हणाली, "मीठच नाय यामां."

मीठ शेवटी घालतात. ते नेहमी हीच घालायची. मी उठून आत गेलो. फळीवर एकसारखे अकरा डबे. मी पहिला उघडला, त्यात साखर. दुसरा उघडला. बाहेरून बेन ओरडली, "आरामथी आणो भाई, मी बेठी छूं." मी तिसरा डबा उघडला.