नकाशावर वाटेनं चालणारे काका

"वाटेनं चला हो, वाटेनं. लोकांच्या घरावरनं कशाला जाता?"

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काका दिवसभर हेच सांगायचे. आता, ज्यांना सांगायचे ती माणसं काही कुणाच्या घरावर चढलेली नसायची. ती सभागृहाच्या फरशीवर अंथरलेल्या एका भल्या मोठ्या फ्लेक्सवर उभी असायची. त्या फ्लेक्सवर रत्नागिरीचा जुना नकाशा छापला होता. चपला बाहेर काढायच्या, नकाशावर फिरायचं आणि आपलं घर शोधायचं, अशी ती कल्पना. काकांना ती पटली होती, पण एका अटीवर. चालायचं ते रस्त्यावरून आणि पाखाडीवरूनच, म्हणजे घरांमधून चढणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवरून. दुसऱ्याच्या अंगणात पाय पडता कामा नये, मग ते अंगण कागदावर नखाएवढं का असेना.

स्वतः ते हा नियम पाळत. त्यांची खुर्ची नकाशाच्या एका कडेला आणि चहाचं टेबल दुसऱ्या कडेला. सरळ गेलं तर दहा पावलं. काका एसटी स्टँडवरून निघायचे, बाजारातून खाली उतरायचे, खाडी लागली की भाट्याच्या पुलापर्यंत वळसा घालायचे आणि मग चहापाशी पोचायचे.

"काका, चहा निवतोय. सरळ या ना," मी एकदा म्हटलं.

"मधी खाडी हाय गो बाय. बुडू काय?"

शहराच्या पहिल्या आराखड्याची आठवण म्हणून आमच्या ऑफिसने आठवडाभर हा कार्यक्रम ठेवला होता. जमिनीवर जुना नकाशा. भिंतीवर उद्याच्या शहराच्या आराखड्याचा मसुदा, पिवळा-निळा-जांभळा. संध्याकाळी व्याख्यानं आणि शेवटच्या दिवशी सत्कार. नव्या मसुद्यावर कुणाची हरकत असेल तर ती मुदतीत लेखी द्यायची. ते अर्ज घ्यायला, माहिती सांगायला आणि फ्लेक्सच्या कडा उलटल्या की चिकटपट्टी लावायला मी होते. नकाशांखालच्या माहितीच्या ओळीही मीच लिहिल्या होत्या. मंडणगडकडच्या आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. आपण लिहिलेलं भिंतीवर लागलंय याचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

काकांना आमच्या साहेबांनी शोधून आणलं होतं. जुन्या नकाशासाठी शहराची मोजणी झाली त्या तुकडीतला हा शेवटचा जिवंत माणूस. काका तेव्हा विशीत होते आणि त्यांचं काम साखळी ओढण्याचं. लोखंडी कड्यांची लांब साखळी असायची. एक माणूस मागचं टोक धरून उभा राहायचा, दुसरा पुढचं टोक घेऊन चालायचा. काका कायम पुढे. म्हणजे अख्ख्या शहरात पहिलं पाऊल काकांचं, मग साखळी, मग मोजणीदार साहेबांची पेन्सिल.

"माझ्या साखळीतनं एक दगड सुटला नाय," ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. गावचे दगडी गडगे, विहिरी, पावसाळी पऱ्ये सगळं त्यांना पाठ. एखाद्या बाईने घर दाखवलं की विचारायचे, "मागं रातांबा होता. हाय काय अजून?" बाई थक्क. बहुतेक वेळा रातांबा नसायचा, तिथे गाडी लावायची शेड असायची. मग काका खाली वाकून त्या जागेकडे बघायचे, जणू झाड कागदावर तरी शिल्लक असेल.

माणसं नकाशावर कशी वागतात हे तुम्ही कधी पाहिलंय का? आधी स्वतःचं घर शोधतात. मग शेजाऱ्याचं. शेजाऱ्याची हद्द आपल्याकडे किती सरकलीय ते वाकून बघतात. आणि मग निवांत फोटो काढतात. काका आणि मी ही गंमत बघत बसायचो. मला ते कधी 'बाय' म्हणायचे, तर कधी 'ग्रॅज्वेट'. "काय ग्रॅज्वेट, आज कितीजण भांडले?"

त्यांनी मला मोजमापाचा टेप धरायला शिकवलं तेही तिथेच, दुपारी गर्दी नसताना. मी टेप जोरात ओढला तर म्हणाले, "ताण धर, पण ओढू नको. ओढलास की माप आपल्या बाजूनं बोलतं."

सत्काराच्या आदल्या दिवशी काका पहिल्यांदाच खुर्चीवरून उठून भिंतीपाशी गेले. नव्या मसुद्यासमोर बराच वेळ उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाय, हा जांभळा चौकोन कसला?"

"वाहनतळाचं आरक्षण आहे, काका. टेकडीवर गाड्या लावायला."

"आणि त्याच्या खालची ही पाखाडी? ही इथंच थांबते?"

"हो. जुन्या नकाशातही तिथेच संपते. तिथून पुढे वाट नाही."

हे मी म्हटलं. आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही. त्या पाखाडीच्या वर जी वाडी आहे, त्याच वाडीत मी भाड्याच्या खोलीत राहते. रोज सकाळी जांभ्याच्या त्याच पायऱ्या उतरून ऑफिसला येते. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई मला त्याच पायऱ्यांवर भेटते. आणि नकाशावर बोट ठेवून मी म्हाताऱ्या माणसाला सांगत होते की तिथून पुढे वाट नाही. कागदात जे असतं ते खरं, असं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, तरी मी ते शिकले होते.

काका जमिनीवरच्या नकाशाकडे गेले, बाजारातून वर चढले, एकेक वळण घेत त्या पाखाडीच्या टोकाला पोचले आणि एका पायावर भार देऊन उभे राहिले. पुढे एक घर होतं. घराच्या पुढे कोरा कागद.

"हितं थांबलो होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मोजणीचा तो दिवस संपत आला होता. काका साखळी घेऊन त्या घरापर्यंत आले. पाखाडी त्या घराच्या अंगणाला लागून, अगदी दाराशेजारून वर जाते. दारात एक म्हातारी हात आडवा करून उभी होती. म्हणाली, "लोखंड वाजवू नको रे बाबा. आत लेक बाळंत होतेय, दोन दिवस झाले." आतून आवाज येत होता. काका साखळी उचलून तसेच मागे फिरले आणि खाली येऊन मोजणीदार साहेबांना म्हणाले, वाट संपली, पुढे गडगा आहे. साहेबांनी पेन्सिलीने रेघ बंद केली.

"उद्या परत येऊ म्हटलं मनात. दुसऱ्या दिवशी आमची तुकडी पाठवली पार दुसऱ्या टोकाला, मिऱ्याच्या बाजूला. मग पाऊस आला. मग राहिलंच. माझ्या साखळीतनं दगड सुटला नाय म्हणतो ना मी? अख्खी पाखाडी सुटली."

मी आमच्या साहेबांना गाठलं. साहेब वाईट माणूस नाहीत, पण कागदाचे आहेत. म्हणाले, "जुन्या नकाशात वाट नाही, म्हणजे तेव्हा वाट नव्हती. नंतर लोकांनी पाडली असेल. उद्या कोणीही म्हणेल, माझ्या दारातून वाट होती. पुरावा काय?"

पुरावा एकच होता. खुर्चीत बसलेला.

संध्याकाळी मी काकांसाठी अर्ज लिहायला घेतला. मला वाटलं, आपण शिकलेलो आहोत, म्हाताऱ्याची अब्रू वाचवू. "काका, चूक कोणाची ते कशाला लिहायचं? मोजणीत वाट राहून गेली, एवढंच लिहिते."

"मग कोणाची म्हणतील?"

"मोजणीदाराची म्हणतील. ते आता नाहीत."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की पेन खाली ठेवावं लागलं. "नाय म्हणूनच नको, ग्रॅज्वेट. त्यानं मी सांगितलं ते लिहिलं. तो माझ्यावर भरवसा ठेवून पेन्सिल चालवायचा."

दुसऱ्या दिवशी सत्कार. सभागृह भरलेलं. काकांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, सुनेने इस्त्री केलेला. सून आणि नात पहिल्या रांगेत. सूत्रसंचालकांनी त्यांची ओळख करून दिली: ज्यांच्या साखळीतून एक दगडही सुटला नाही असे. काकांचंच वाक्य. आठवडाभर सगळ्यांनी ऐकलेलं.

पाहुणे शाल उलगडू लागले तेव्हा काकांनी हात वर केला. "शाल द्या, पण आधी ऐका. मग द्यावीशी वाटली तर द्या."

आणि मला सांगितलं होतं तेच सगळं त्यांनी सांगितलं. दार, म्हातारी, साखळी उचलली ते, मोजणीदाराला खोटं सांगितलं ते. नात आईकडे बघत होती. शेवटी म्हणाले, "पाखाडी तवा होती. मी तिच्यावर उभा होतो. वर घरं होती. नकाशात नाय ती माझ्यामुळं नाय. आता तिच्यावर गाड्या उभ्या करणार म्हणतात. मग त्या माणसांनी उतरायचं कुठनं?"

पाहुण्यांना काय करावं कळेना, ते टाळ्या वाजवू लागले, मग सगळ्यांनी वाजवल्या. पाहुणे माईकवर म्हणाले की एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपल्या शहरात आहे, हे आपलं भाग्य.

काकांना ते बिलकूल आवडलं नाही. माईक नसताना, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी मनाचं नाय बोलत. पाखाडीचं बोलतोय."

शाल त्यांनी घेतली. पण अंगावर नाही, घडी करून काखेत. आणि स्टेजवरून उतरून दाराकडे जाताना, एवढं सगळं झालेलं असतानाही, मधला नकाशा आला तसे वळसा घालून पुलावरून गेले. तेव्हा मात्र लोक हसले, आणि नातही हसली.

अर्ज मी लिहिला. काकांनी सांगितला तसा, त्यांच्या चुकीसकट. एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली. सुनावणी झाली, साहेबांनी जागेवर मोजणी करायला सांगितलं. आता नव्या मसुद्यात ती पाखाडी वरपर्यंत आहे, वाहनतळाचा चौकोन एका बाजूला सरकलाय. शेवटची मंजुरी अजून यायची आहे, तेव्हा फार मोठं बोलत नाही. काका मात्र ते बघायला राहिले नाहीत. या पावसाळ्यात गेले, चार दिवसांच्या तापाने. फ्लेक्स ऑफिसच्या कपाटावर गुंडाळून ठेवलाय. काकांची खुर्ची परत हॉलच्या खुर्च्यांत मिसळली, कोणती ते ओळखू येत नाही.

ते मला आठवतात ते त्या दुसऱ्या मोजणीच्या दिवशीचे.

गेल्या दिवाळीनंतरचं कोरडं ऊन होतं. साहेब यंत्र घेऊन आले होते, पण त्या घराच्या कोपऱ्यावर फणसाची एवढी दाटी की यंत्राला पलीकडचं दिसेना. म्हणून तेवढा तुकडा टेपने घ्यायचं ठरलं. काका म्हणाले, पुढचं टोक मी घेतो. साहेब नको म्हणाले, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत. काकांनी ऐकलं नाही.

घराच्या दारात एक बाई उभी होती, पन्नाशीच्या आसपासची. तिला चार माणसांनी सांगून ठेवलेलं मला माहीत होतं की बाय, नकाशात वाट नाही, गेट लावून टाक, वाटही तुझ्या अंगणात येईल. मला धाकधूक होती. काका अंगणाच्या कडेला येऊन थांबले, चप्पल काढली आणि तिथेच उभे. पन्नास वर्षांपूर्वी जिथे थांबले असतील तिथेच बहुतेक.

बाईने विचारलं, "तुमीच काय ते, साखळीवाले? माझी आजी सांगायची. एक पोरगा आला होता, ऐकलंन आणि गुपचूप गेलान म्हणे."

"पोर वाचलं?" काकांनी विचारलं. इतकी वर्षं त्यांना ते माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"हे काय, उभं हाय समोर." ती हसली. "म्हणजे नकाशातली चूक माझी म्हणा की." मग तिने दारातली सुपं आणि वाळत घातलेली सुपारी उचलून बाजूला केली. "या काका. आज घरात कोण बाळंत होत नाय."

काकांनी टेपचं टोक मुठीत धरलं. डबी माझ्या हातात. ते दारावरून गेले, एकेक पायरी चढत, भिंतीला हात लावत, आणि फणसाआड दिसेनासे झाले. टेप माझ्या हातातून सरकत राहिला, थांबत थांबत. मध्येच बराच वेळ हलला नाही. मी हाक मारणार, एवढ्यात परत सरकू लागला.

मग थांबला. वरून आवाज आला. "ताण धर. ओढू नको."

मी ताण धरला.

"वाच."

मी आकडा वाचला. साहेबांनी लिहून घेतला. फणसाचं एक पान खाली आलं. बाई सूप हातात घेऊन तशीच उभी होती.

"परत वाच, बाय."

ऐकू नीट यायचं काकांना, पहिल्यांदाही आलंच असणार. मी परत वाचला, मोठ्याने.