असेंबलला अर्थिंग लागत नाही

पुण्याजवळच्या आमच्या चांदे गावातल्या घरात पायात चप्पल घालून वावरणारा मी एकटाच, आणि तेही एकाच खोलीत, कॉम्प्युटरसमोर. आई त्यावरून रोज बोलायची. मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचो. त्या चपलेचं खरं कारण मी तिला तेव्हा सांगितलं नाही आणि अजूनही सांगितलेलं नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांचं, म्हणजे दादांचं, म्हणणं होतं की कॉम्प्युटर घ्यायचा तर कंपनीचा, सीलबंद खोक्यातला. मला असेंबल, म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला, हवा होता. कंपनीच्या मशीनवर गेम धड चालत नाहीत, ग्राफिक्स कार्ड फुसकं असतं, पुढे एखादा भाग बदलला तर वॉरंटी जाते, असं टुमणं मी आठवडाभर त्यांच्यामागे लावलं होतं. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "बिघाडला तर कुनाच्या दारात जायाचं?"

मग त्यांनीच पुण्यातल्या एका दुकानात शब्द टाकला. मशीन देण्याआधी दुकानाचा माणूस घर बघून गेला. त्याने सॉकेटमध्ये मीटरच्या सुया घातल्या आणि मान हलवली. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. आधी अर्थिंग करून घ्या, त्याशिवाय मी मशीन चालू करून देणार नाही, असं म्हणून चहा पिऊन तो गेला. अर्थिंग म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरावी म्हणून घरामागे खोल खड्डा, त्यात पाइप, मीठ, कोळसा. दादा म्हणाले, भाताची लावणी उरकली की खणतो. लावणी उरकायला पंधरा दिवस होते. तेवढा धीर मला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ही आयतीच संधी वाटली.

"असेंबलला अर्थिंग लागत न्हाई," मी म्हणालो.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"व्हय."

घरात शिकलेला मीच. कंपनीचा विषय तिथेच मिटला.

कॉलेजातल्या एका मित्राला घेऊन सुटे भाग आणले आणि आम्ही दोघांनी दुपारभर बसून ते जोडले. पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा मला जो आनंद झाला, तो पुढे नोकरी लागल्यावरही झाला नाही. दुसऱ्या दिवशी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मित्राला विचारलं, तर तो हसला. अर्थिंग नाही म्हणून होतं, चप्पल घालून बस, म्हणाला. मी चप्पल घालून बसायला लागलो. आषाढ गेला, श्रावण गेला, लावणी कधीच उरकली होती, पण खड्ड्याचं मी नाव काढलं नाही. काढलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं.

खंडेनवमीला आईने सकाळीच फरशी धुतली. कोयता, विळे, कुदळ, दादांचा फवारणीचा पंप, सगळं ओळीने मांडलं. मी गेम खेळत होतो. आंघोळ केल्याशिवाय पूजेला शिवायचं नाही, म्हणून तिने मला उठवलं. मी मशीन चालूच ठेवून गेलो. अंगावर दोन तांबे घेतले असतील, तोच तिचा आवाज आला.

ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून, ओल्या बोटाने कॅबिनेटच्या पत्र्याला कुंकू लावायला गेली होती. धक्का तसा मोठा नव्हता. पण ती दचकून मागे सरली, पाय घसरला आणि उजव्या हातावर भार येऊन उंबऱ्यावर पडली. मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं तेव्हा हाड वाकडं जुळलेलं होतं. त्या हाताने तिला पुन्हा भाकरी थापता आली नाही. दादा थापायला लागले. त्यांच्या भाकरी जाड व्हायच्या, कडेला फाटायच्या. ती चुलीशेजारी बसून त्यांना पाणी किती लावायचं ते सांगायची. मला तो घास गिळवत नसे, पण भूक लागली की गिळायचो.

प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती मला म्हणाली होती, "किती येळा सांगितलं तुला, चपला घालून तितं बसू नगं. देवाला न्हाई पटलं. त्याचं माझ्या हातावर आलं."

दादा दारातच उभे होते. मी काही बोलतो का, याची त्यांनी जरा वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी, भात कापणीला आलेलं असताना, ते कुदळ घेऊन घरामागे गेले आणि एकट्याने खड्डा खणून अर्थिंग केलं. मी फावडं घेऊन गेलो, तर त्यांनी ते माझ्या हातून काढून घेतलं.

पुढच्या खंडेनवमीला आईने मला अनवाणी उभं केलं, नारळ फोडायला लावला, चुकलं म्हणायला लावलं. मी म्हणालो. मग डाव्या हाताने माझा हात धरून तिने तो कॅबिनेटवर ठेवला.

"बग," ती म्हणाली, "चपला सोडल्यास न्हवं, आता काय करतंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.